चार वॅटचा कर्णा

नवे साहेब आले आणि शिलाईच्या हॉलमधून आवाज हद्दपार झाला. मशीनचा सोडून, अर्थात. मशीनची घरघर साहेबांना अंगाईसारखी गोड लागे.

आधी कानातल्या वायरी गेल्या. त्याचं फारसं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण एका मुलीचं लक्ष गाण्यात आणि सुई बोटात, असा प्रकार खरोखरच घडला होता. मग गुणगुणणं गेलं. मग शेजारणीशी बोलणं गेलं. भिंतीवर कंपनीचा एक भोंगा होता, तो फक्त सुट्टी संपल्याचं सांगायला तोंड उघडी. चाळीस बायका आठ-आठ तास तोंडात मूग धरून पायपट्टी दाबू लागल्या. संध्याकाळी घरी गेल्यावरही कुणाला पटकन बोलायला सुचत नसे, इतकी ती मुकेपणाची सवय अंगात मुरली.

हे जिला सगळ्यात जास्त खुपलं, तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की कात्री. या नावात तिच्या धंद्याचा वाटा निम्मा आणि जिभेचा निम्मा. सत्तावीस वर्षं ती त्या कारखान्यात कापड बेतत होती. कागदाचे साचे काढायचे, ते कापडाच्या थरांवर मांडायचे, खडूने आखायचं, कापायचं. हॉलच्या एका टोकाला तिचं लांबलचक टेबल, पुढे मशीनच्या दहा रांगा आणि सत्तर फुटांवर दुसऱ्या टोकाला काज-बटणाचं मशीन. त्यावर बसणारी बटणवाली तिची जुनी मैत्रीण. पूर्वी दोघी सत्तर फुटांवरून एकमेकींना ओरडून टोमणे मारत आणि मधल्या दहा रांगा फुकटात हसून घेत. आता तेही बंद.

एके दिवशी ताईने पिशवीतून एक लहानसा डबा काढून टेबलावर ठेवला. तिची लेक रेडिओ-टेपच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, तिने तो जुळवलेला. चार वॅटचं आवाज वाढवायचं यंत्र आणि त्याला जोडलेले तळहाताएवढे दोन स्पीकर. ताईने फोनवरचं गाणं त्यावर लावलं. पहिल्या दोन रांगांच्या माना डोलल्या, तिसरीने कान टवकारले, चौथीला काही कळलंच नाही.

साहेब आले. पाठोपाठ हॉलचा वायरमन आला. साहेब हसले की हसायचं, हेही त्याच्या कामात मोडत असावं.

"किती वॅट?" वायरमनने डबा उलटा करून पाहिला. "चार! ताई, चार वॅटला डाससुद्धा दचकणार नाही."

"तुला कुणी दचकवायला आणलाय?" ताई म्हणाली. "साहेब, गाणं चालू असलं की हात पळतो. सगळ्या बायकांचं म्हणणं आहे. हॉलमध्ये गाणी लावू द्या."

साहेबांनी नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांना गंमत करायची लहर आली. ते सावकाश चालत बटणाच्या मशीनपाशी गेले आणि तिथून मोठ्याने म्हणाले, "सगळी मशीन चालू असताना हे मला इथं उभं राहून ऐकू आलं, तर रोज लावा. माझी ना नाही. पण हाच डबा, हेच चार वॅट. मोठं यंत्र इथं येणार नाही, कंपनीच्या भिंतीला खिळा लागणार नाही. महिनाअखेरच्या शनिवारी बघू."

इथे शहाण्या माणसाने 'बरं' म्हणून गप्प बसावं. पण ताईचं डोकं तापलं की जीभ आधी धावे आणि अक्कल मागून चपला शोधत येई.

"ऐकू आलं नाही, तर रविवारपासून मी घरी!" तिने तितक्याच मोठ्याने सांगितलं. "पुन्हा या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही."

असं काही तिला कुणी विचारलंही नव्हतं. साहेब पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून मनापासून हसले. संगणकाने कापड कापणाऱ्या मशीनचं माहितीपत्रक गेले दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून होतं, आणि मध्ये फक्त ही बाई येत होती. ताईच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

घरी हे नवऱ्याला सांगायचं होतं. तो औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असे. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे त्याला सहसा काही दोनदा सांगावं लागत नसे.

"नोकरी पणाला लावलीस?"

"लागली."

"कशावर?"

"चार वॅटवर."

त्याने थोडा विचार केला. "आपल्या जिन्यातला दिवा किती वॅटचा आहे?"

"नऊ."

"म्हणजे दिव्याच्या निम्म्याहून कमी."

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि खोलीच्या मधोमध असलेली खुर्ची त्याने भिंतीला लावली. आता इथे काहीतरी होणार, हे त्याने ओळखलं होतं.

लेकीने मात्र कपाळाला हात लावला. मग कागद घेऊन बसली. "हे बघ आई. दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारतेस, तेव्हा काय तुझी फुप्फुसं मोठी होतात? नाही. आवाज इकडेतिकडे सांडत नाही, एवढंच. तसा याला कर्णा करायचा. हा स्पीकर फुलरेंज आहे, म्हणजे जाड-बारीक सगळे सूर एकटाच काढतो. पण तो जेवढा पुढून बोलतो तेवढाच मागूनही बोलतो. साध्या खोक्यात ते मागचं बोलणं कोंडून मरतं. आपण त्याला वाट करून द्यायची. स्पीकरच्या पाठीशी अरुंद गळा, मग हळूहळू रुंद होत जाणारा आठ फुटांचा बोगदा, शेवटी मोठं तोंड. आठ फूट सरळ ठेवायला जागा नाही, म्हणून घड्या घालून खोक्यात बसवायचा. दोन स्पीकर, दोन खोकी."

"म्हणजे घेरदार झगा," ताई म्हणाली. "कमरेला अरुंद, खाली घेर, आणि घडी करून पेटीत."

"हो, पण घेर किती अंतरावर किती वाढतो, त्याला गणित आहे."

"झग्यालाही असतं. तू आकडे सांग, घेर मी काढते."

खरंच काढला. तपकिरी कागद जमिनीवर पसरून, आठ फुटांचा तो बोगदा तिने आधी सरळ आखला, मग त्याच्या घड्या पाडल्या आणि प्रत्येक फळीचा वेगळा साचा कापला. अठरा साचे, प्रत्येकावर नंबर, उजवा-डावा, वरची बाजू कुठली त्याचा बाण. लेकीने दुकानात आयुष्यात इतका स्वच्छ नकाशा पाहिला नव्हता. प्लायवूड लेकीच्या दुकानातल्या मोडक्या फर्निचरचं, हातकरवत शेजाऱ्यांची. डिंक लावलेल्या फळ्या दाबून धरायला सुताराकडे शिकंजे असतात. ताईकडे कमरपट्टीचं इलॅस्टिक होतं, त्याचे वीस-वीस वेढे देऊन तिने खोकी आवळली. खोली लाकडाच्या भुशाने भरली. नवरा दुकानातून यायचा, दारात चपला झटकायचा आणि आत आल्यावर पुन्हा झटकायचा.

अठराव्या दिवशी दोन्ही कपाटं उभी राहिली. होय, कपाटंच. ताईच्या खांद्याएवढी उंच, वर तळहाताएवढा स्पीकर आणि खाली पोस्टाच्या खिडकीएवढं तोंड. लेकीने वायरी जोडल्या. ताईने गाणं लावलं.

हंड्यात डोकं घालून कुणी गावं, तसा आवाज आला. शब्द एकही कळेना. हुं-हुं-हुं, एवढंच. शेजारच्या खोलीत गेलं की तेही संपायचं.

"तुझं गणित चुकलं," ताई कडाडली.

"माझं गणित चारदा तपासलंय! तू कापण्यात घोटाळा केलास."

"मी? सत्तावीस वर्षांत माझा साचा सुताएवढा हलला नाही, आणि तू मला..."

मायलेकींची चांगलीच जुंपली. नवरा तेवढ्यात पट्टी घेऊन गुडघ्यावर बसला आणि स्पीकर काढून त्या भोकातून आत मोजू लागला. दोघी गप्प होईपर्यंत त्याने वाट पाहिली.

"गळा दोन इंच हवा ना? इथं तीन भरतोय," तो म्हणाला. "अगं, तू कडेनं शिलाईचं सोडलंस का?"

ताईने कोपऱ्यातला एक साचा उचलला आणि त्याच्या कडेला बोट लावून पाहिलं.

शिंपीकामात प्रत्येक तुकड्याच्या कडेला अर्धा इंच जादा सोडतात. त्याला माया म्हणतात. शिवताना ती शिलाईत जाते आणि माप बरोबर येतं. सत्तावीस वर्षं ताईच्या हाताने मायेशिवाय एक कागद कापला नव्हता. डोक्याला विचारावंसंही हाताला वाटलं नाही. अठराच्या अठरा साच्यांना चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच. कापडात तो आत दुमडला असता. लाकूड कुठे दुमडणार? गळा सैल, प्रत्येक वळण सैल, सगळा बोगदा ढगळ. जगातल्या कुठल्याही सुताराने ही चूक केली नसती. त्याला ती सुचलीच नसती.

ती जमिनीवर बसली. कापड उसवता येतं. डिंकाने धरलेलं लाकूड उसवत नाही, फुटतं. महिनाअखेरीला नऊ दिवस होते आणि प्लायवूड संपलं होतं. त्या क्षणी तिला पहिल्यांदा भीती वाटली. तीन वर्षांच्या पगाराची नव्हे. त्या टेबलामागे आपल्याऐवजी एक मशीन उभं आहे आणि हॉलमध्ये चाळीस बायका अजूनही गप्पच आहेत, हे चित्र तिला दिसलं. आपल्या एका हट्टाने आपण त्यांचं तोंड कायमचं शिवून टाकलं, असं तिला वाटलं.

"आई, साहेबांना जाऊन सांगूया का, रागात बोलले म्हणून?" लेकीने हळूच विचारलं.

ताई उठली. "मेले तरी सांगणार नाही. चूक माझी आहे, ती मी निस्तरीन. त्या माणसापुढे नाक घासायला मी काय चोरी केलीय?" आणि तिने पलंगाकडे पाहिलं.

नवऱ्यानेही पलंगाकडे पाहिलं. "नाही हं," तो म्हणाला.

"अहो, किती चांगल्या फळ्या आहेत."

"मला माहीत आहे. मी तीस वर्षं त्यांच्यावर झोपतोय."

त्या संध्याकाळी गादी जमिनीवर आली. बाहेरची खोकी वाचवली, फक्त एकेक बाजू करवतीने कापून उघडली आणि आतल्या फळ्या हातोडीने ठोकून काढल्या. नवे साचे मायेविना कापताना ताईच्या हाताला अक्षरशः घाम फुटला. दर रेघेला कात्री आपोआप बाहेर सरके. शेवटी लेक समोर बसली आणि प्रत्येक रेघेला म्हणू लागली, "आत, आई. रेघेवर. रेघेवर." स्पीकरच्या पाठीमागे कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड चिकटवले, म्हणजे बारीक आवाज आतल्या आत आपटून परत यायला नको. नवऱ्याने खोक्यांच्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. पलंग गेलाच आहे तर निदान वस्तू नीट दिसावी, असं त्याचं म्हणणं.

आठव्या दिवशी गाणं लावलं तेव्हा लेक तडक जिना उतरून गेली. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानापाशी पोचून तिने फोन केला. "आई, तिसरं कडवं चालू आहे," ती म्हणाली आणि मग तिला रडूच फुटलं. ताईने गाणं बंद केलं, कारण वरच्या मजल्यावरचे आजोबा तोवर काठी आपटायला लागले होते.

शनिवारी कापडाच्या गठ्ठ्यांच्या टेम्पोतून कपाटं हॉलमध्ये आली. वायरमनने त्यांना एक प्रदक्षिणा घातली.

"ताई, एवढी मोठी कपाटं! आत गाणारा माणूस बसवलाय की काय?"

"बसवणार होते. पण तुझा गळा कुठे गाण्याचा आहे?"

तिने दोन्ही कपाटं आपल्या टेबलाच्या दोन बाजूंना, तोंड हॉलकडे करून उभी केली. मध्ये तोच डबा, साहेबांनी उलटासुलटा करून तपासलेला. साहेब सत्तर फुटांवर बटणाच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. ताईने मान हलवली आणि चाळीस बायकांनी पायपट्ट्या दाबल्या. त्या दिवशी त्यांनी मशीन जरा जास्तच जोरात चालवली. जिंकायचं तर स्वच्छ जिंकायचं, असं त्यांचं आपापसात ठरलं होतं.

गाणं सुरू झालं. मोठा आवाज नव्हता तो. भोंग्यासारखा अंगावर येणारा तर नव्हेच. मशीनच्या घरघरीतून एका बाईचा आवाज सरळ चालत यावा, गर्दीतून ओळखीचं माणूस वाट काढत येतं तसा, प्रत्येक शब्द सुटा. पाचवी रांग हसली. आठवी रांग ओठ हलवू लागली. बटणवाली तर साहेबांच्या कोपरापाशीच बसली होती, तिचे डोळे भरून आले आणि तिने काज चुकवलं.

साहेबांचा चेहरा दगडी. त्यांनी हात वर केला. "वायरमन! हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे चालू करा. इस्त्रीची वाफ सोडा."

"हे ठरलं नव्हतं!" ताई ओरडली.

"सगळी मशीन म्हणालो होतो. पंखा मशीन नाही का?"

पंखे घुमू लागले. वाफ फुसफुसली. गाणं त्यातूनही चालतच राहिलं, थोडं पातळ, पण चालत. बटणवाली उभी राहिली. "येतंय! ताई, स्वच्छ येतंय!"

"तुमच्या कानाचं ठरलं नव्हतं," साहेब म्हणाले. "मला ऐकू यायला हवं असं ठरलं होतं. मला काही ऐकू येत नाही." त्यांनी वायरमनकडे पाहिलं. "तुम्हाला येतंय?"

वायरमन मधल्या रांगेपाशी उभा होता. त्याचा अंगठा मांडीवर ठेका धरत होता. तो त्याने मुठीत लपवला. "साहेबांना येत नाही म्हणजे... नसेल येत."

"बस्स," साहेबांनी हात झटकले. "ताई, तुम्ही शब्दाच्या पक्क्या आहात असं ऐकून आहे."

चाळीस बायका ताईकडे पाहत होत्या, पाय मात्र पट्टीवरच. सत्याला साक्षीदार चाळीस आणि न्यायाधीश एक, तोही बहिरा झालेला. ताईला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि या खेपेला अक्कल जिभेच्या बरोबरीने धावली. लेकीने डब्याला गाण्याबरोबर बोलायचीही सोय ठेवली होती, एक साधासा माइक. ताईने गाणं थांबवलं. माइक तोंडाशी घेतला आणि अगदी हळू, शेजारणीच्या कानात सांगावं तशी म्हणाली,

"साहेब, जरा जपून हो. तुमची पॅन्ट मागून उसवलीय."

सत्तर फुटांवर साहेबांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. नुसते गेले नाहीत, झेपावले. साहेब गर्रकन वळले, भिंतीला पाठ लावली, आणि मान वाकवून मागे पाहायचा प्रयत्न करू लागले.

पहिलं मशीन थांबलं ते बटणवालीचं. मग दहावी रांग, नववी, आठवी, अशी सगळी थांबत ताईच्या टेबलापर्यंत आली. पंखे तेवढे घुमत होते, आणि त्यांच्या वर चाळीस बायकांचं हसू. कित्येक महिन्यांचं साठलेलं हसू ते, थांबता थांबेना. वायरमननेही शेवटी तोंडावर हात धरला, पण खांदे कसे लपवणार?

साहेबांना कळलं तेव्हा त्यांचे हात अजून मागेच होते.

"कुठं उसवलीय?" त्यांनी विचारलं.

ताईने पुन्हा माइक उचलला.

"कुठंच नाही, साहेब. ती पॅन्ट याच हॉलमधली आहे. मी बेतलीय आणि तिसऱ्या रांगेने शिवलीय. ती उसवायची नाही."